रडारच्या जाळ्याचा आस

सातपाटी-डहाणूच्या किनाऱ्यावर बोंबील पकडणारं डोल जाळं ओढत न्यावं लागत नाही. ते समुद्रात जागेवर पक्कं बांधतात, तोंड प्रवाहाकडे उघडं ठेवतात, आणि भरती-ओहोटीचा ओढा मासळी आत आणून सोडतो. खरी अक्कल लागते ती आधीच्या हिशेबाला. तिथी कोणती, उधाणाची मोठी भरती आहे की भांगाची लहान, पाणी कधी वाहू लागेल, कधी थबकेल, जाळ्याचा आस, म्हणजे जाळीच्या भोकांचा आकार, केवढा ठेवायचा? हा हिशेब चुकला तर समुद्र तोच आणि जाळंही तेच, पण हाती काही लागत नाही.

किनाऱ्यावर उभं राहून समुद्राचे प्रवाह मोजणारं रडार हेही असंच एका जागी बांधलेलं जाळं आहे. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजणीच्या वेळेचे आणि अंतराचे काही आकडे भरावे लागतात. ते बहुतेकदा यंत्रासोबत भरूनच येतात आणि अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं तसेच राहतात. त्या आकड्यांमागचं गणित अवघड नाही. ते एकदा समजून घेतलं, की कुठला आकडा समुद्राचं कोणतं रूप दाखवतो आणि कोणतं गाळून टाकतो, हे स्वतःला ठरवता येतं. या लेखात ते एकेक पायरीने पाहू.

रडारला नेमकं काय दिसतं?

१९५५ मध्ये न्यूझीलंडच्या डग्लस क्रॉम्बी यांनी १३.५६ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी समुद्रावर सोडल्या आणि परत आलेला प्रतिध्वनी तपासला. लाटा सगळ्या आकारांच्या, सगळ्या दिशांना धावणाऱ्या, म्हणून प्रतिध्वनीही विस्कटलेला असेल असं कुणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात त्याची वारंवारता जवळजवळ एकाच ठरावीक आकड्याने, सुमारे ०.३८ हर्ट्झने सरकलेली होती. क्रॉम्बी यांनी त्याचा अर्थ लावला. रेडिओलहरीच्या लांबीच्या बरोबर निम्म्या लांबीच्या समुद्रलाटाच एकमेकींच्या प्रतिध्वनीत भर घालतात, बाकीच्या लाटांचे प्रतिध्वनी आपापसांत विरून जातात. स्फटिकावरून क्ष-किरण ज्या नियमाने परततात तोच हा ब्रॅगचा नियम.

त्या निवडक लांबीच्या लाटेचा स्वतःचा वेग भौतिकशास्त्र सांगतं. त्यामुळे प्रतिध्वनी किती सरकायला हवा हे आधीच माहीत असतं. प्रत्यक्षात तो त्याहून थोडा कमी-जास्त सरकलेला दिसला, तर तो फरक म्हणजे लाटेला आपल्यासोबत वाहून नेणाऱ्या पाण्याचा वेग. याच तत्त्वावर अमेरिकेतल्या नोआ या सागर-हवामान संस्थेत डोनाल्ड बॅरिक आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात कोडार हे रडार घडवलं. आजची सीसॉन्ड रडारं त्याचीच पुढची पिढी. जर्मनीत हॅम्बुर्ग विद्यापीठात १९९०च्या दशकात वेरा हे वेगळ्या रचनेचं, अँटेनांची लांब रांग वापरणारं रडार तयार झालं.

एक रडार पाण्याचा पूर्ण वेग सांगू शकत नाही. पाणी आपल्याकडे किती येतंय किंवा आपल्यापासून किती दूर जातंय एवढंच ते सांगतं. दुसऱ्या ठिकाणाहून दुसऱ्या रडारने तेच पाणी पाहिलं, तरच दोन्ही मिळून प्रवाहाची दिशा आणि वेग कळतो. म्हणून ही रडारं जोडीने बसवतात.

उदाहरणासाठी एक खरं आखात

चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००८ ते २०१० या काळात भारताच्या किनाऱ्यावर अशा रडारांच्या पाच जोड्या उभ्या केल्या: गुजरात, तामिळनाडू, आंध्र प्रदेश, ओडिशा आणि अंदमान. त्यांची माहिती हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडे जाते. यातली गुजरातची जोडी, जेगरी आणि वासी-बोरसी, खंभातच्या आखाताच्या दोन बाजूंना आहे.

आपल्या गणितासाठी याच आखाताचं पाणी घेऊ, कारण ते कुठलंही ढिलं सेटिंग उघडं पाडतं. भावनगरला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या आसपास जातो आणि आखातात काही ठिकाणी पाणी सेकंदाला २ ते ३ मीटर वेगाने धावतं. सातपाटी-डहाणूचा समुद्र याच्या दक्षिणेला लागूनच आहे. पुढचे आकडे कुठल्या केंद्राच्या नोंदवहीतले नाहीत. या आखातावर सुमारे ४.४६ मेगाहर्ट्झचं, २०० किलोमीटरपर्यंत पाहू पाहणारं रडार नव्याने बसवायचं असेल तर हिशेब कसा मांडावा, त्याचं हे उदाहरण आहे.

आधी मूळ राशी काढून ठेवू. ४.४६ मेगाहर्ट्झला रेडिओलहरीची लांबी ६७.२ मीटर. म्हणून रडारला दिसणारी समुद्रलाट ३३.६ मीटर लांबीची. खोल पाण्यात ती सेकंदाला ७.२४ मीटर वेगाने धावते, आणि तिच्यामुळे प्रतिध्वनी ०.२१५ हर्ट्झने सरकतो. ही लाट साधारण वरच्या पावणेतीन मीटर पाण्याचा प्रवाह जाणते. खालच्या पाण्याबद्दल रडार काहीच सांगत नाही.

पहिला आकडा: बँडविड्थ, म्हणजे अंतराचा आस

हे रडार एकाच वारंवारतेवर बोलत नाही. एका सेकंदात ते आपली वारंवारता हळूहळू, समजा २५ किलोहर्ट्झने, सरकवत नेतं. याला स्वीप म्हणतात. ६० किलोमीटरवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीला जाऊन-येऊन ०.४ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात प्रक्षेपक १० हर्ट्झ पुढे गेलेला असतो. त्यामुळे जाणाऱ्या आणि येणाऱ्या लहरीत १० हर्ट्झचं अंतर पडतं. १२० किलोमीटरवरच्या प्रतिध्वनीत ते २० हर्ट्झ पडतं. म्हणजे वारंवारतेतला फरक मोजला की अंतर कळतं.

दोन जागा वेगळ्या दिसण्यासाठी त्यांच्यात किती अंतर हवं, हे बँडविड्थ ठरवते. नियम सोपा आहे: प्रकाशाचा वेग भागिले बँडविड्थची दुप्पट. २५ किलोहर्ट्झला ६ किलोमीटर, ५० किलोहर्ट्झला ३ किलोमीटर, १५० किलोहर्ट्झला १ किलोमीटर. समुद्र जणू रडारभोवती एवढ्या रुंदीच्या अर्धवर्तुळी पट्ट्यांत वाटला जातो.

मग बँडविड्थ वाढवत का नेऊ नये? पहिलं कारण जागेचं. २०१२ च्या जागतिक रेडिओ परिषदेने समुद्री रडारांसाठी ठरावीक पट्टे राखून दिले. त्यातला ४४३८ ते ४४८८ किलोहर्ट्झ हा पट्टा जेमतेम ५० किलोहर्ट्झचा आहे. दुसरं कारण भूमितीचं. दिशा ५ अंशांच्या फाकीत मोजली जात असेल, तर १०० किलोमीटरवर ती फाक ८.७ किलोमीटर रुंद होते आणि २०० किलोमीटरवर १७.५ किलोमीटर. लांबीला एक किलोमीटर आणि रुंदीला सतरा, असल्या कापट्यांतून समुद्राचं चित्र जास्त स्पष्ट होत नाही. शिवाय पट्टा अरुंद केला की त्यातलं पाणी कमी, म्हणून प्रतिध्वनीही क्षीण. दूरपल्ल्याच्या रडारला २५ किलोहर्ट्झ आणि ६ किलोमीटर हा मेळ बसतो तो यामुळे. २५ मेगाहर्ट्झच्या आसपासचं, बंदराच्या तोंडावर चाळीसेक किलोमीटर पाहणारं रडार असेल तर हिशेब उलटा होतो. तिथे राखीव पट्टे जास्त रुंद आहेत आणि जवळच्या पाण्याला बारीक आस हवाच.

दुसरा आकडा: सेकंदाला किती स्वीप

एका स्वीपने अंतर कळलं. पण पाणी हलतंय हे कळायला अनेक स्वीप एकापाठोपाठ एक ठेवून त्यांच्यातला बदल पाहावा लागतो. फिरणाऱ्या पंख्याचे फोटो काढण्यासारखं हे आहे. फोटो पुरेसे भरभर काढले नाहीत तर पंखा उलटा फिरताना दिसतो.

सेकंदाला एक स्वीप असेल तर प्रतिध्वनीचं सरकणं दोन्ही बाजूंना अर्धा हर्ट्झपर्यंतच खरं दिसतं. आपल्या लाटेचं सरकणं ०.२१५ हर्ट्झ आहे. त्यावर आखातातला सेकंदाला ३ मीटरचा प्रवाह चढला तर आणखी ०.०८९ हर्ट्झची भर पडते. बेरीज ०.३०५. अर्ध्या हर्ट्झच्या आत राहिलो, म्हणजे सेकंदाला एक स्वीप पुरे.

हाच आकडा उचलून २५ मेगाहर्ट्झच्या रडारला दिला तर गोंधळ होईल. तिथे लाटेचंच सरकणं ०.५१ हर्ट्झ आहे. ते अर्ध्या हर्ट्झची सीमा ओलांडून दुसऱ्या बाजूला उगवेल आणि जवळ येणारं पाणी दूर जाताना दिसेल. वारंवारता बदलली की स्वीपचा दरही नव्याने तपासावा लागतो.

तिसरा आकडा: एका स्पेक्ट्रमला किती वेळ

आता सगळ्यांत महत्त्वाच्या आणि सगळ्यांत कमी विचार होणाऱ्या आकड्याकडे येऊ. किती स्वीप एकत्र घेऊन एक स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या सरकण्याला किती प्रतिध्वनी मिळाला याचा आलेख, काढायचा? सॉफ्टवेअर साधारण २५६, ५१२, १०२४ असे पर्याय देतं. सेकंदाला एक स्वीप धरला तर तेवढेच सेकंद मोजणी चालते.

जास्त वेळ मोजलं तर वेगाची बारकाई वाढते. १०२४ सेकंदांत, म्हणजे १७ मिनिटांत, रडार सेकंदाला ३.३ सेंटिमीटरचा फरक ओळखू शकतं. ५१२ सेकंदांत ६.६ सेंटिमीटरचा. २५६ मध्ये १३ सेंटिमीटरचा. यावरून १०२४ हाच उत्तम पर्याय वाटतो, आणि खुल्या समुद्रात तो बऱ्याचदा असतोही.

पण खंभातच्या आखातात पाणी त्या १७ मिनिटांत तेच राहत नाही. इथल्या भरतीचं मुख्य चक्र १२ तास २५ मिनिटांचं. प्रवाहाचा सर्वोच्च वेग सेकंदाला २ मीटर धरला, तर पाणी फिरण्याच्या वेळी, म्हणजे ओहोटी संपून भरती लागताना, वेग दर सेकंदाला ०.०२८ सेंटिमीटरने बदलत असतो. ऐकायला हे नगण्य वाटतं. १०२४ सेकंदांत त्याचे २९ सेंटिमीटर होतात. ज्या यंत्राला आपण ३.३ सेंटिमीटरची बारकाई दिली, त्याच्यासमोर मोजणी चालू असतानाच पाण्याने २९ सेंटिमीटरने वेग बदलला. परिणामी स्पेक्ट्रममधलं टोकदार शिखर ३.३ सेंटिमीटरच्या एका घरात न बसता नऊ घरांत पसरतं. शिखर पसरलं की त्याची उंची कमी होते. उंची कमी झाली की दूरच्या पट्ट्यातला क्षीण प्रतिध्वनी गोंगाटात बुडतो. बारकाई वाढवायला गेलो आणि पल्लाही गमावून बसलो.

५१२ सेकंदांत वेग १४ सेंटिमीटरने बदलतो आणि घर ६.६ सेंटिमीटरचं असतं. म्हणजे शिखर दोन घरांत पसरतं. २५६ सेकंदांत ते एकाच घरात मावतं. पाण्याचा बदल आणि रडारची बारकाई बरोबर जुळते ती ३४६ सेकंदांच्या आसपास. उपलब्ध पर्यायांत ५१२ हा या पाण्यासाठी शहाणा मध्य आहे. उधाणाच्या दिवसांत जोर जास्तच असेल तर २५६ करून पाहावं.

आता हेच रडार तसंच उचलून अशा किनाऱ्यावर नेऊ, जिथे भरतीचा प्रवाह सेकंदाला फक्त २० सेंटिमीटर आहे. तिथे १०२४ सेकंदांत वेग जेमतेम ३ सेंटिमीटरने बदलतो आणि एका घरात मावतो. तिथे १०२४ हाच योग्य आकडा. यंत्र, अँटेना आणि वारंवारता जशीच्या तशी असूनही आकडा वेगळा आला, कारण पाणी वेगळं आहे. यंत्रासोबत आलेला आकडा वाईट नसतो. तो कुठल्यातरी दुसऱ्या समुद्रासाठी काढलेला असतो.

चौथा आकडा: सरासरी किती तासांची

एकट्या स्पेक्ट्रमवर भरवसा ठेवता येत नाही. लाटा यादृच्छिक असतात, गोंगाट असतो, काही दिशांना पोकळी राहते. म्हणून अनेक स्पेक्ट्रमची सरासरी काढतात आणि त्यांतून निघालेले वेग पुन्हा ठरावीक काळासाठी एकत्र करतात. तास, दीड तास, तीन तास. खिडकी जेवढी मोठी तेवढा नकाशा भरगच्च आणि देखणा.

या देखणेपणाची किंमत मोजून पाहू. एका तासाच्या सरासरीने १२ तास २५ मिनिटांच्या मुख्य भरतीचा सुमारे १ टक्का जोर कमी दिसतो. तीन तासांच्या सरासरीने ९ टक्के. हेही एक वेळ चालवून घेता येईल. पण उथळ आखातात भरतीची लाट साधी राहत नाही. तळाच्या घर्षणाने तिचा आकार मोडतो आणि ६ तास १३ मिनिटांची निम्म्या मुदतीची भरती तिच्यावर चढते. पाणी चढायला आणि उतरायला लागणारा वेळ सारखा का नसतो, याचं उत्तर याच लहान भरतीत आहे. तीन तासांची सरासरी तिचा एक तृतीयांश जोर पुसून टाकते. एका तासाची सरासरी ४ टक्केच पुसते.

म्हणून आखातासाठी एक तासाची खिडकी घ्यावी, आणि नकाशात भोकं राहिली तर राहू द्यावीत. भोक पाहणाऱ्याला इथे माहिती नाही एवढं तरी कळतं. पुसलेली भरती मात्र कुणालाच दिसत नाही.

पल्ला: कुठून सुरू, कुठे थांबायचं

अंतराच्या पट्ट्यांना क्रमांक असतात. ६ किलोमीटरचा एक धरला तर २०० किलोमीटरला ३३-३४ पट्टे लागतात. सॉफ्टवेअरला पहिला आणि शेवटचा क्रमांक सांगावा लागतो.

अगदी जवळचा पट्टा सोडावा. तिथे प्रक्षेपकाचा थेट आवाज, मनोरे, कुंपणं यांचा प्रतिध्वनी मिसळलेला असतो. दूरच्या टोकाला मात्र हवे त्याहून काही पट्टे जास्त साठवावेत. त्यांतून प्रवाह काढायचा नाही, पण तिथे समुद्राचा प्रतिध्वनी नसल्याने पार्श्वभूमीचा गोंगाट किती आहे हे कळतं. तो कळल्याशिवाय २५ व्या पट्ट्यातलं शिखर खरं की खोटं हे ठरवता येत नाही.

रात्रीचा वेगळा विचार करावा लागतो. सूर्य मावळला की आयनांबराचा सगळ्यांत खालचा, रेडिओलहरी शोषून घेणारा थर विरतो आणि दूरदूरच्या प्रक्षेपकांचे आवाज येऊ लागतात. गोंगाट चढतो, पल्ला घटतो. शिवाय आपलीच लहर वर जाऊन आयनांबराच्या वरच्या थरांवरून परत येऊ शकते. शंभर किलोमीटर उंचीवरून परतलेला प्रतिध्वनी रडारला समुद्रावरच्या शंभर किलोमीटरसारखाच भासतो आणि सतराव्या पट्ट्याच्या आसपास सगळ्या दिशांना एकाच वेळी भरून राहिलेला दिसतो. पल्ल्याची मर्यादा दुपारच्या नकाशावरून ठरवू नये. निदान दोन आठवड्यांच्या दिवस-रात्रीच्या नोंदी पाहून ठरवावी.

प्रक्षेपकाची उघडझाप

वेरासारखी रडारं प्रक्षेपण आणि ग्रहण वेगवेगळ्या, एकमेकांपासून दूर ठेवलेल्या अँटेनांनी एकाच वेळी करतात. सीसॉन्डसारख्या आटोपशीर रडारात दोन्ही एकाच जागी असतं, आणि स्वतः बोलत असताना दूरचा क्षीण आवाज ऐकू येणार नाही. म्हणून प्रक्षेपक ठरावीक लयीत उघडझाप करतो: थोडा वेळ बोलायचं, तेवढाच वेळ ऐकायचं. ही लय मिलिसेकंदांत असते, आणि एक मिलिसेकंद म्हणजे १५० किलोमीटरचं जाणं-येणं.

समजा पूर्ण लय २ मिलिसेकंदांची ठेवली, १ बोलण्याची आणि १ ऐकण्याची. १५० किलोमीटरवरचा प्रतिध्वनी बरोबर ऐकण्याच्या वेळात पूर्ण येतो, तिथे संवेदनशीलता सर्वांत जास्त. त्याहून जवळच्या आणि दूरच्या अंतराला ती सरळ रेषेत उतरत जाते, आणि ३०० किलोमीटरला शून्य होते, कारण तो प्रतिध्वनी पोचेपर्यंत प्रक्षेपक पुन्हा बोलू लागलेला असतो. आखातातलं १०० किलोमीटरच्या आतलं पाणी महत्त्वाचं असेल तर लय आखूड करावी. खुल्या अरबी समुद्राकडे लक्ष असेल तर लांब. जवळचा प्रतिध्वनी मुळातच मोठा असतो, त्यामुळे थोडा तोटा जवळच्या बाजूला सोसणं परवडतं.

दोन रडार, एक वारंवारता

आखाताच्या दोन बाजूंची रडारं एकाच वेळी एकाच पट्ट्यात बोलली तर एकमेकांना झाकतील. ५० किलोहर्ट्झच्या राखीव पट्ट्यात २५ किलोहर्ट्झची दोनच रडारं शेजारी मावतात, आणि किनारा लांब आहे. यावर तोड घड्याळात सापडली. दोन्ही रडारं जीपीएसच्या वेळेला बांधायची आणि दोघांचे स्वीप काही मिलिसेकंदांच्या फरकाने सुरू करायचे.

दुसऱ्या रडारचा स्वीप १० मिलिसेकंद उशिरा सुरू झाला, तर त्याचा आवाज पहिल्याला १५०० किलोमीटरवरच्या प्रतिध्वनीसारखा वाटतो. आपण २०० किलोमीटरच्या पुढे पाहतच नाही, म्हणून तो आपोआप बाजूला पडतो. हा फरक निवडताना दोन केंद्रांमधलं अंतर आणि त्या आवाजामागून येणारे त्याचे समुद्रावरचे प्रतिध्वनी यांच्यासाठीही पुरेशी जागा सोडावी. ही सगळी व्यवस्था जीपीएसच्या कुलुपावर, म्हणजे घड्याळ जीपीएसच्या वेळेला पक्कं बांधलेलं राहण्यावर, उभी असते. एका केंद्राचं कुलूप सुटलं की त्याचा स्वीप हळूहळू सरकत दुसऱ्याच्या पल्ल्यात शिरतो. म्हणून जीपीएसची स्थिती रोजच्या तपासणीत असलीच पाहिजे.

राखीव पट्टे देणाऱ्या २०१२ च्या त्याच जागतिक रेडिओ परिषदेच्या ठरावात आणखी एक अट आहे. प्रत्येक रडारने आपली ओळख मोर्सच्या लिपीत प्रक्षेपित करायची, प्रत्येक मोजणीचक्राच्या शेवटी, आणि दोन वेळांमध्ये २० मिनिटांहून जास्त अंतर न ठेवता. ५१२ सेकंदांच्या दोन स्पेक्ट्रमचं चक्र १७ मिनिटांत संपतं, मग ओळख देता येते. तीन स्पेक्ट्रमचं चक्र केलं तर साडेपंचवीस मिनिटं होतात आणि नियम मोडतो. वेळापत्रक आखतानाच ही जागा राखून ठेवावी. नंतर घुसवलेली ओळख एखाद्या चालू स्पेक्ट्रमचा लचका तोडते.

वेगाची मर्यादा आणि पाण्याची खोली

खोटी शिखरं गाळण्यासाठी सॉफ्टवेअरला प्रवाहाचा कमाल वेग सांगावा लागतो. त्याच्या पुढचं काही दिसलं तर ते फेकून दिलं जातं. शांत किनाऱ्यावर सेकंदाला १ मीटर पुरतो. आखातात तोच आकडा ठेवला तर उधाणाच्या दिवशी ऐन ओढ्यातल्या खऱ्या मोजण्या फेकल्या जातील आणि उरलेल्या मंद मोजण्यांची सरासरी छापली जाईल. जहाजांना आणि मासेमारीच्या बोटींना सर्वांत धोक्याचं पाणी नकाशावर सर्वांत सौम्य दिसेल. इथे मर्यादा ३ मीटरच्या वरच हवी.

खोलीचीही अशीच गोष्ट. ३३.६ मीटर लांबीची लाट साधारण १७ मीटरपेक्षा उथळ पाण्यात तळ जाणू लागते आणि मंदावते. १० मीटर खोलीवर ती सेकंदाला १७ सेंटिमीटरने मागे पडते, ५ मीटरवर तब्बल १ मीटरने. रडारला खोल पाण्याचा वेग गृहीत धरायला सांगितलं असेल, तर लाटेचं हे मंदावणं प्रवाह म्हणून नोंदलं जाईल. आखातातल्या वाळूच्या बांधांवर तर खोली दिवसातून दोनदा काही मीटरने बदलते. असले उथळ भाग खोलीच्या नकाशाने ओळखून वेगळे काढणं हाच सरळ मार्ग.

घड्याळ

शेवटचा आकडा सर्वांत साधा आणि सर्वांत फसवा. रडारची वेळ जागतिक घड्याळावर चालते. भारताचं घड्याळ त्याहून साडेपाच तास पुढे आहे. त्या अर्ध्या तासामुळे तासाच्या खिडक्या आपल्या घड्याळाशी जुळत नाहीत. जागतिक घड्याळातल्या दुपारी १२ ची नोंद म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेपाच. त्यात दुसरा प्रश्न मिसळतो: नोंदीवरची वेळ खिडकीच्या सुरुवातीची, मध्याची की शेवटाची?

मध्याऐवजी सुरुवातीची वेळ धरली तर अर्ध्या तासाची चूक होते. २ मीटरच्या भरतीत पाणी फिरण्याच्या वेळी अर्ध्या तासात प्रवाह सेकंदाला अर्ध्या मीटरने बदललेला असतो. जोडीतल्या एका केंद्राने सुरुवातीची आणि दुसऱ्याने मध्याची वेळ लिहिली, तर दोघांना जोडून काढलेली दिशा पार चुकते, आणि कुठलाही इशारा न येता. दोन्ही केंद्रांवर जागतिक वेळ, खिडकीच्या मध्याची, आणि हे वाक्य प्रत्येक फायलीच्या माथ्यावर लिहिलेलं असावं.

बरोबर भरलं, हे कसं कळेल?

सगळे आकडे भरून झाले की उधाणापासून भांगापर्यंतचा एक पूर्ण आठवडा मोजणी चालू द्यावी. सर्व्हे ऑफ इंडियाचे भरती-ओहोटीचे तक्ते शेजारी ठेवावेत आणि चार गोष्टी पाहाव्यात. पाणी फिरण्याच्या वेळी शिखर रुंद होतं का? होत असेल तर स्पेक्ट्रमचा वेळ कमी करा. ऐन ओढ्याच्या वेळी नकाशात भोकं पडतात का? पडत असतील तर वेगाची मर्यादा वाढवा. रात्री पल्ला किती घटतो? त्यावरून शेवटचा पट्टा ठरवा. भरती फिरण्याची वेळ दर वेळी तेवढ्याच फरकाने तक्त्याच्या पुढे-मागे दिसते का? आखातात प्रवाह फिरण्याची वेळ आणि पाण्याची पातळी फिरण्याची वेळ वेगळी असू शकते, पण बरोबर अर्ध्या तासाचा फरक सगळीकडे दिसला तर आधी घड्याळ तपासा.

प्रत्येक बदल तारखेसह वहीत लिहा आणि एका वेळी एकच आकडा बदला. आणि शक्य तेवढे दिवस मूळ स्पेक्ट्रम जपून ठेवा. सरासरी पुन्हा काढता येते, मर्यादा बदलून नकाशा पुन्हा बनवता येतो, पण ज्या स्पेक्ट्रममधून तो बनतो तोच पुसला असेल तर त्या तासाचं पाणी पुन्हा कुठून आणणार?

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं आदळली. कंटेनर पाण्यात पडले, तेल पसरलं. अशा वेळी किनाऱ्यावरच्या प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: वरचं पाणी आत्ता कुठे चाललंय? त्या घडीला कुणी सेटिंगची खिडकी उघडून बसत नाही. उत्तर मिळतं ते कित्येक महिन्यांपूर्वी, एखाद्या शांत दुपारी भरून ठेवलेल्या आकड्यांतून. कोळी जाळं विणतानाच आस ठरवतो, कारण मासळी आल्यावर तो बदलता येत नाही. रडारचा आसही आपल्या समोरच्या पाण्याकडे पाहूनच ठरवावा.